आजीच्या तोंडच्या शिव्या कथेत कशा लिहायच्या? फुल्या, सौम्य शब्द की जशाच्या तशा?

कोयनाकाठची

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा अडलेय म्हणून.

एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिलीय. माझ्या आजीवरच आहे म्हटलं तरी चालेल. कराडच्या पलीकडे आमचं गाव, दारात एक म्हैस, चंद्री, आणि आजीचं तोंड सकाळी चूल पेटवायच्या आधी सुरू व्हायचं ते रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. ती शिव्या द्यायची, पण रागावलेली असायची असं नव्हे. आमची म्हैस पान्हा चोरायची, मग आजी चरवी गुडघ्यात धरून एका हाताने तिची पाठ चोळत म्हणायची, "मुडदा बशिवला तुझा, सोड की गं बाई, पोरं उपाशी हाईत". एकाच दमात मुडदा पण बसवायची आणि बाई पण म्हणायची. मी दहावीला फर्स्ट क्लासमधे पास झाले तेव्हा पेढा घेऊन गेले तर मला पण तेच, "मुडदा बशिवला, एवढं शिकून कुठं जाणार हाईस गं", आणि पदराची गाठ सोडून दहाची नोट हातात कोंबली. ती नोट अजून आहे माझ्याकडे.

तर कथेत अशा बारा शिव्या आहेत, मी मोजल्या, कारण संपादकांनी मोजून पाठवल्या. त्यांचं म्हणणं अंक घरोघरी जातो, लहान मुलं पण चाळतात, तर एकतर फुल्या टाका नाहीतर "मेल्या", "गाढवा" असं काहीतरी सौम्य करा. मी सौम्य करून पाहिलं. दोनदा वाचलं आणि अक्षरशः रडू आलं, कारण ती बाई माझी आजी नाहीच, ती कुठल्यातरी मालिकेतली आजी आहे. पण दुसरीकडे माझ्या मैत्रिणीने मूळ खर्डा वाचून सांगितलं की दर चार ओळींनी शिवी येते, ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं, की बघा मी किती रांगडं लिहिते. हे जास्त लागलं मला.

मग विचारायचं असं की लिहिताना शिवी कुठे शोभते आणि कुठे नुसतीच चिकटवलेली वाटते, हे ओळखायचं कसं? आणि फुल्यांचं काय करू?

जुळारी

ताई, फुल्यांबद्दल मी सांगू शकतो, कारण आयुष्याची सव्वीस वर्षं छापखान्यात गेली, त्यातली पहिली दहा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात. एकदा एका कादंबरीचं मॅटर आलं होतं, एका प्रकरणात चाळीतलं भांडण, आणि मालकांनी सांगितलं शिव्या आल्या की फुल्या घाला. आमच्या केसमधे, म्हणजे खिळ्यांच्या खणांत, फुलीचे खिळे ते किती असणार, पान संपायच्या आत संपले. मग उरलेल्या शिव्यांना टिंबं घातली. गॅली प्रूफ हातात घेतलं तर त्या भांडणाचं पान असं दिसत होतं की जणू वाळवी लागलीय. लेखक आले, त्यांनी प्रूफ बघितलं आणि म्हणाले की आता माझा वाचक भांडण ऐकत नाही, कोडं सोडवत बसतो. मला ते तेव्हापासून पटलेलं आहे. फुली दिसली की डोळा तिथे थांबतो, अक्षरं मोजतो, आणि बऱ्याचदा वाचक मूळ शब्दापेक्षा वाईट शब्द मनात भरतो. तुमच्या आजीने "मुडदा" म्हटलंय, आणि फुल्या बघून लोक काय काय समजतील विचार करा!

आणि सौम्य करणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तुकोबांची ओळ शाळेत सगळ्यांनी पाठ केलीय, "भले तरी देऊ कासेची लंगोटी". गाथा उघडून बघा, तिथे "गांडीची लंगोटी" आहे. त्याच अभंगाच्या सुरुवातीला "मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास, कठिण वज्रास भेदूं ऐसे" आहे. मेण पण त्याच तोंडातलं आणि तो शब्द पण त्याच तोंडातला. आपण मेण ठेवलं आणि दुसरं पुसलं, त्यामुळे वज्र जरा बोथट झालं असं मला तरी वाटतं.

उलट गंमत म्हणजे ज्याला आपण सौम्य समजतो ते कधीकधी अजिबात सौम्य नसतं. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतले सोवळ्यातले आजोबा नातवाला "शिंच्या" म्हणायचे, कुणाला काही वाटायचं नाही. शिंचा म्हणजे शिंदळीचा, तेच आखूड केलेलं. "च्यायला" तर आज बाया पण म्हणतात, ऑफिसात म्हणतात, त्यात "तुझ्या आईला" आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. शब्द तोंडात घासून घासून गुळगुळीत झाला की तो सभ्य ठरतो. तुमच्या आजीचा शब्द घासलेला नाही, एवढाच त्याचा दोष.

मेल्या_खय_होतस

आमच्याकडे सिंधुदुर्गात हा प्रश्नच कुणाला पडणार नाही :) माझी काकी मुंबैवरून आलेल्या भाच्याला उंबऱ्यातच म्हणते, "मेल्या, खय होतस इतकी वर्सा?" आणि डोळ्यात पाणी. तिथे "बाळा कुठे होतास" लिहिलंत तर पाणी कुठून आलं तेच कळणार नाही. रागावली की मग "शिरा पडो तुझ्या तोंडार". मेल्या आणि शिरा पडो यांच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि तो तिथल्या चार वर्षांच्या पोराला पण कळतो.

मी नाटकात काम करतो, गावच्या मंडळात, स्पर्धेला पण जातो. मच्छिंद्र कांबळींचं वस्त्रहरण हे नाटक 1980 पासून लोकांनी डोक्यावर घेतलं त्यात मालवणी बोलण्याचा हा ठसकाच तर होता, ऐकताना कानाला कुठे घाण वाटत नाही. माझा अनुभव सांगतो, शिवी वाक्यात कुठे बसते त्यावर सगळं आहे. सुरुवातीला आली तर हाक असते. मधे आली तर श्वास घ्यायची जागा असते. शेवटी आली की वार असतो. आमच्या एका नटाला सवय होती प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मेल्या" जोडायची, त्याला वाटायचं हशा येतो, पहिल्या दोन वेळा आला पण, तिसऱ्या वेळेपासून लोक खोकायला लागले. दिग्दर्शकाने त्याला सांगितलं, आख्ख्या अंकात तुला दोनच देतो, कुठे वापरायच्या ते तू ठरव. आणि त्याने त्या दोन अशा जागी टाकल्या की थेटर हललं.

ताई तुमच्या मैत्रिणीचं बरोबर असू शकतं हां. बारा जास्त असतील. आजी दिवसभर द्यायची हे खरं, पण कथा म्हणजे दिवसभर नव्हे ना.

गोरेगाव_लोकल

मी वेबसिरीजचे संवाद लिहिते, हिंदी आणि मराठी दोन्ही, म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे आणि कदाचित कडू वाटेल.

सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं, तसं ओटीटीला लागत नाही. 2021 च्या नियमांनी वयाप्रमाणे वर्गवारी दाखवावी लागते, तेरा प्लस, सोळा प्लस, प्रौढांसाठी वगैरे, पण कात्री लावणारा कुणी बसलेला नाही. मला वाटलं होतं आता बोलीभाषा मोकळी होईल. झालं काय, तर सगळी पात्रं त्याच तीन हिंदी शिव्या देतात. इन्स्पेक्टर, गुंड, कॉलेजची मुलगी, चांदा ते बांदा सगळे सारखेच. मी एका सीनमधे नागपूरच्या माणसाच्या तोंडी "काय बे बयताडा" (म्हणजे वेडपटा) लिहिलं होतं, मीटिंगमधे मला सांगितलं यात दम नाही, काहीतरी कडक टाक. म्हणजे आता उलटी सेन्सॉरशिप आहे, सौम्य करा ऐवजी कडक करा. पण दोघांचं चुकतंय ते एकाच ठिकाणी, कुणालाच ऐकायचं नाहीये की हा माणूस कुठला आहे.

खरं सांगते, मराठीत शिव्यांचं जे भांडार आहे ते बघून मी थक्क होते. आणि बायकांच्या तोंडच्या तर वेगळ्याच. सटवे, टवळे, अवदसे, कैदाशिणी, भवाने. यातल्या दोन देव्या आहेत हो! सटवाई बाळाचं नशीब लिहिते आणि भवानीला आपण नवरात्रात पुजतो, आणि सासू सुनेला त्याच नावाने हाक मारते. मग ते "जळ्ळं मेलं लक्षण", ज्याच्यात शिवी कुणाला दिलीय तेच कळत नाही, पण ऐकणारीचा चेहरा पडतो. हे सगळं आजकाल कुणी लिहितच नाही, आणि आपल्या मुलींना तर ठाऊकच नाही.

तर माझं मत, आजीची शिवी जशीच्या तशी ठेवा. ती दुर्मिळ आहे. "मुडदा बशिवला" मी कित्येक वर्षांत स्क्रीनवर ऐकलेली नाही.

मास्तर_नगरवाले

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. थोडं विरोधात लिहितो, राग मानू नये.

मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, सगळी खेड्यात. तुम्ही सगळे शिवीतला गोडवा सांगताय, तो आहे, मी पण खेड्यातलाच. पण वर्गात पोरं एकमेकांना ज्या शिव्या द्यायची त्यातल्या दहातल्या नऊ कुणाच्या तरी आईवर नाहीतर बहिणीवर. भांडण दोन पोरांचं आणि आई घरी भाकरी थापत बसलीय, तिचा काय संबंध? आमच्या जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा गाव आहे, तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2024 मधे ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड. पेपरात आलं तेव्हा बरेच जण हसले. मी नाही हसलो. मला त्या ग्रामसभेत बसलेल्या बायांचा विचार आला, की आपल्या नावाने गावात रोज काय बोललं जातं ते त्या जन्मभर ऐकत आल्या आणि पहिल्यांदा कुणीतरी ते कागदावर चूक म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट जातीची. कितीतरी शिव्या म्हणजे नुसती जातीची नावं आहेत. बोलणाऱ्याला ती साधी म्हण वाटते, "अमक्यासारखा वागू नको". ज्याच्या जातीचं नाव आहे तो मुलगा त्याच बाकावर बसलेला असायचा आणि खाली मान घालायचा. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने तो गुन्हा आहे ते ठीक, पण कायद्याच्या आधी ती मान मी बघितलीय. तेव्हा बोलीचा अस्सलपणा या नावाखाली सगळंच छापा असं मी म्हणणार नाही. ताई, तुमच्या बारात असलं काही आहे का ते आधी तपासा.

कोयनाकाठची

मास्तर, राग कसला, उलट बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी आत्ता खर्डा काढून बघितला. बारातली एक आहे तशी. गावातल्या एका माणसाला आजी त्याच्या जातीवरून हाक मारायची, ती मी तशीच लिहून टाकली होती, काही विचारच केला नाही. आईवरची एकही नाही. आजी आईवरून शिवी कधीच देत नसे, हे मला आज पहिल्यांदा लक्षात आलं. माणूस, म्हैस, पाऊस, रॉकेलचा स्टोव्ह, सगळ्यांना द्यायची पण त्यांच्या आईला मधे आणायची नाही.

गल्लीतला_वाचक

मास्तरांशी निम्मा सहमत. जातीच्या शिवीबद्दल पूर्ण सहमत. पण एक विसरू नका की "सभ्य भाषा" ही पण कुणाची तरी गल्ली असते. भाऊ पाध्यांचं वासूनाका हे पुस्तक 1965 ला आलं तेव्हा आचार्य अत्र्यांसारख्या माणसाने त्याच्यावर झोड उठवली. का, तर मुंबईच्या नाक्यावरची पोरं जशी बोलतात तशी ती पुस्तकात बोलली. मग 1972 ला नामदेव ढसाळांचा गोलपिठा हा कवितासंग्रह. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि त्यात त्यांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. माझ्या दृष्टीने हे फार मोठं आहे. त्याच वर्षी ज्या माणसाचं सखाराम बाइंडर रंगभूमीवर आलं आणि भाषा नि विषय दोन्हींवरून कोर्टापर्यंत गेलं, त्याला पण मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीच्या बाजूचे शब्द माहीत नव्हते. ढसाळांच्या कवितेत ते शब्द मीठमसाला म्हणून येत नाहीत. तिथे राहणाऱ्याला ते शिवी वाटतच नाहीत, ती रोजची नामं आणि क्रियापदं आहेत. आपल्याला शिवी वाटते कारण आपण लांब राहतो.

मी पोरसवदा वयात ढसाळांची नक्कल करत कविता लिहायचो, सगळी वही शिव्यांनी भरली होती. माझ्या आयुष्यात त्यातला एकही शब्द नव्हता. आमच्या घरात जास्तीत जास्त "गाढवा". ती वही मी स्वतः जाळली. शब्द आपला नसला की कागदावर लगेच कळतं.

नीरेकडची

मला कुणी बोरीच्या बारबद्दल लिहील असं वाटत होतं, कुणीच नाही लिहिलं म्हणून मी लिहिते.

माझं माहेर लोणंदच्या बाजूला. तिथून जवळ खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत आणि मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठाला येतात आणि समोरच्या गावच्या बायकांना शिव्या घालतात, हाच बोरीचा बार. खरोखर, तोंड भरून, हातवारे करून, वाजंत्री मागे वाजत असते. माणसं लांबलांबून बघायला येतात, पोलिसांचा बंदोबस्त असतो. मी लहान असताना मामीचा हात धरून गेले होते. मामी म्हणजे घरात तोंडातून शब्द काढायची नाही, मामा जेवायला बसले की भिंतीला टेकून उभी राहायची. ती मामी काठावर गेली, पदर खोचला, पाय चिखलात रोवले आणि तिने जे काही सुरू केलं ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. आवाज असा की मला वाटलं ही दुसरीच कुणीतरी आहे. समोरची पण तशीच, इकडून एक गेली की तिकडून तिच्यावर चढती यायची, लय होती त्याला, हलगीच्या ठेक्यावर हात वर जायचे. संपलं तेव्हा मामीचा घसा बसला होता आणि ती घामाने निथळत होती आणि हसत होती. घरी येताना तिने मला जत्रेतली भजी घेऊन दिली, स्वतःच्या पैशाने. दुसऱ्या दिवशी परत भिंतीला टेकून उभी.

मी हे कुठे वाचलेलं नाही, मला वाटतं ते सांगते. वर्षभर तोंड बांधलेल्या बाईला गावाने एक दिवस दिलेला आहे. पण एकच दिवस. तुमच्या आजीने तो एक दिवस रोज घेतला, चूल पेटवायच्या आधीपासून. त्या घरात तिला दुसरं काय हातात होतं ते कथेत आलंय का? जमीन नावावर होती का, दुधाचे पैसे कोण घ्यायचं? ते आलं असेल तर शिव्या कुणालाच चिकटवलेल्या वाटणार नाहीत. आणि ते आलं नसेल तर बाराच्या चोवीस केल्या तरी उपयोग नाही.

जुळारी

नीरेकडच्या ताई, तुमच्या मामी डोळ्यासमोर उभ्या राहिल्या. अजून काही आठवत असेल तर लिहा, वेगळा धागा काढा.

मेल्या_खय_होतस

+१. आणि दुधाचे पैसे हा मुद्दा लाखातला.

कोयनाकाठची

चार दिवस गायब होते, कथा परत लिहायला बसले होते. सगळ्यांचे मनापासून आभार, आता काय झालं ते सांगते.

नीरेकडच्या ताईंचा प्रश्न वाचून मी आईला फोन लावला. दुधाचे पैसे कोण घ्यायचं? आई म्हणाली, आजोबा. डेअरीचं पासबुक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. आजी पहाटे चारला उठून शेणघाण, धार, सगळं करायची आणि चहाला साखर हवी तरी त्यांच्याकडे मागायची. म्हणजे ती दहाची नोट. मला इतकी वर्षं वाटायचं नोट साधीच होती. ती तिने कुठून आणि किती दिवसांत जमवली असेल हे मी कधी विचारलंच नाही.

मग आईलाच विचारलं की मुडदा बशिवला म्हणजे नक्की काय गं. आई म्हणाली आपल्याकडच्या लिंगायतांत माणूस गेलं की बसवून पुरतात, त्यावरून आलं असं म्हातारी माणसं सांगायची. आणि मग मला एक लक्षात आलं. "बशिवला" हे झालेलं आहे. बसो नाही, बसेल नाही. बसवला, काम उरकलं. मालवणीतलं "शिरा पडो" म्हणजे देवाकडे मागणं, पण आजी मागत बसत नव्हती. "वाटोळं झालं तुझं" पण तसंच, झालं. आणि "मेल्या" पण तसंच, समोर जिवंत उभा आहे आणि हाक मात्र मेलेला म्हणून. एकदा मरून झालंच, आता पुढे कशाला घाबरायचं, ये बस जेवायला, असं काहीतरी मला त्यात ऐकू यायला लागलं. माझी आजी ज्यांच्यावर जीव होता त्यांचाच मुडदा बसवायची. ज्यांच्यावर खरा राग होता त्यांच्याशी ती बोलणं बंद करायची. आजोबांना तिने एकही शिवी दिलेली मला आठवत नाही. आईला विचारलं, तिलाही नाही आठवत.

तर आता कथेत तीनच राहिल्यात. पहिली म्हशीला. दुसरी मला, नोट देताना. जातीची हाक काढली, त्या माणसाला नाव दिलं. बाकीच्या आठ आपोआप गळाल्या, त्यांच्या जागी पासबुक आलं. तिसरी शेवटी आहे, आजोबा गेले त्या दिवशी. बाया रडत होत्या आणि आजी गोठ्यात धार काढत होती, कारण म्हैस काही थांबत नाही. तिथे मी आधी मोठा परिच्छेद लिहिला होता, तिच्या मनात काय चाललं असेल वगैरे. तो सगळा काढला. आता एवढंच आहे:

"चंद्रीने पान्हा सोडला नाही. आजी पाठ चोळत राहिली. मग कपाळ तिच्या कुशीला टेकवून हळूच म्हणाली, मुडदा बशिवला तुझा. चरवीत धार वाजायला लागली."

फुल्या न घालता संपादकांना पाठवलीय, सोबत लिहिलं की तीन आहेत, तिन्ही राहू द्या, एक जरी काढली तरी कथा मागे घेते. उत्तर अजून आलेलं नाही, आलं की इथेच कळवते.